दिवस राहण्याआधीची गोळी

पाळी चुकते, चार-सहा दिवस वाट बघून घरीच चाचणी होते, मग डॉक्टरांकडे जाणं होतं आणि फॉलिक ॲसिडची गोळी सुरू होते. तोवर बहुतेकींना सहा-सात आठवडे झालेले असतात. या गोळीच्या सर्वांत मोठ्या कामाची वेळ मात्र टळून गेलेली असते.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींची चपटी पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मधोमध येऊन जुळतात आणि नळी बनते. वरच्या भागाचा मेंदू होतो, खालच्याचा मज्जारज्जू. साधारण २८व्या दिवशी ही नळी मिटते. तेव्हा पेशी झपाट्याने दुणावत असतात आणि नव्या पेशीचा डीएनए घडायला फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप, लागतं. ते कमी पडलं तर नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो. खाली उघडी राहिली तर पाठीच्या कण्याचा दोष, स्पायना बायफिडा. वर राहिली तर मेंदू आणि कवटी नीट घडतच नाही आणि बाळ वाचत नाही. आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर हा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटला, हे १९९१ साली ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं.

म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, ते पहिले तीन महिने सरेपर्यंत. पालक, मेथी, डाळी जरूर खाव्यात, पण शिजवताना फोलेट बरंच कमी होतं. त्यांच्यावर विसंबून गोळी टाळू नये. औषधांच्या दुकानात सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची, म्हणजे बारा पटींहून मोठी. आधीच्या बाळाला दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टर मोठा डोस देतात. फिट्सची गोळी मात्र मनाने कधीही बंद करू नये.

फोलेटचा शोध मुंबईशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली, ती कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, त्यांचं रक्त सुधारतं हे तिने दाखवलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

आजही रक्तक्षय टाळण्यासाठी चौथ्या महिन्यापासून आशाताई देतात ती लाल गोळी: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रोज एक, निदान १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. तिच्यासोबत कॅल्शियम घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्यासोबत. चहा लांब ठेवावा. शौचाला काळी होते म्हणून घाबरून कित्येकजणी गोळी सोडतात. ते लोहामुळेच होतं, त्याने अपाय नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्यावी.

शाकाहारी बाईने बी-१२ही तपासून घ्यावं, कारण फॉलिक ॲसिडमुळे त्याची कमतरता रक्ताच्या तपासणीत झाकली जाऊ शकते. आणि आधीपासून एखादं टॉनिक चालू असेल तर बाटली डॉक्टरांना दाखवावी: रेटिनॉल स्वरूपातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भाला व्यंग येऊ शकतं.