जुना कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी

मैत्रिणींनो, पितळी पातेले मोडीत घालण्यापूर्वी आपण दहा वेळा विचार करतो. नुसती कल्हई लावून भागेल का, हेही पाहतो. मग दुकानदार म्हणाला, "ताई, तुमचा कॉम्प्युटर आता जुना झाला, नवाच घ्या," की आपण गप्प का बसतो बरे?

हा प्रश्न सध्या पुष्कळ घरांत आला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या 'विंडोज १०' ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवलत दिली, पण ती तात्पुरतीच. आमच्या कळवणसारख्या तालुक्याच्या गावी घरखर्चाचा मेळ पुष्कळदा कांदापट्टीवर बसतो. तिथे नवे यंत्र घेणे म्हणजे काही चेष्टा नाही! तेव्हा आधी नीट समजून घेऊ.

विंडोज ही 'ऑपरेटिंग सिस्टिम', म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातली कारभारीण. पडदा, कळफलक, प्रिंटर, फोटो या साऱ्यांकडून कामे करवून घेते ती हीच. यंत्र तेच ठेवून कारभारीण बदलता येते, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. देखभाल थांबली म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण कुंपणाला नवे भगदाड पडले तर ते बुजवायला कोणी येत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे.

आता एक कागद घ्या आणि आठवडाभर घरात कॉम्प्युटरवर कोण काय करते ते लिहा. निवड या यादीवरून करायची, जाहिरातीवरून नव्हे.

यादीत यजमानांचा टॅलीतला हिशेब, श्री-लिपीतले टायपिंग किंवा लेकीचा एमएस-सीआयटीचा सराव असेल, तर विंडोजच ठेवा. ही कामे तिच्यावरच सुखाने होतात. तुमच्या यंत्राला 'विंडोज ११' पेलते का, हे मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा फुकट प्रोग्राम सांगतो. निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय लागते. २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रे इथेच अडतात. पेलत असेल आणि तुमचे विंडोज १० अस्सल असेल, तर नवी आवृत्ती फुकट मिळते. "कॉपी टाकून देतो" म्हणणाऱ्याला मात्र नको म्हणा. असल्या कॉपीबरोबर काय काय घरात शिरेल, सांगता येत नाही.

आणि यादीत सातबारा पाहणे, शिष्यवृत्तीचा अर्ज, वीजबिल, बचत गटाचा जमाखर्च, पत्रे, फोटो आणि भजने एवढेच असेल तर? मग 'लिनक्स' जरूर पाहा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा पाया घातला. तिला पैसे पडत नाहीत. केरळमधल्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे तिच्यावरच शिकत आहेत. आपल्या 'सी-डॅक' या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचा लिनक्सचा प्रकार काढला आहे आणि त्यात मराठीही आहे. विंडोजची सवय असलेल्या घराला 'लिनक्स मिंट' सोपी वाटते. ४ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर ती बरी चालते. जमाखर्चासाठी 'लिब्रेऑफिस' बरोबरच येते. युनिकोडमध्ये टाइप केलेली मराठी दोन्हीकडे सारखी दिसते. जुन्या फाँटांतली कागदपत्रे मात्र तिथे अगम्य दिसू शकतात.

ॲपलची 'मॅकओएस' चांगली खरी, पण ती ॲपलच्याच महागड्या यंत्रावर चालते. गूगलची 'क्रोमओएस फ्लेक्स' जुन्या यंत्रावर फुकट बसते, पण तिचा सारा भर इंटरनेटवर. नेट वारंवार जात असेल, तर तिच्या वाटेला न गेलेलेच बरे.

लिनक्सची सर्वांत मोठी सोय म्हणजे ती आधी चाखून पाहता येते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट भरून घ्या आणि कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करा. ओळखीतला एखादा जाणकार मुलगा हे करून देईल. 'इन्स्टॉल' दाबले नाही, तर आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. पेनड्राइव्हवरून ती थोडी संथ चालेल, तेवढे सोसा. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटरवर कागद निघतो का, मराठी टाइप होते का आणि बँकेचे पान उघडते का, या पाच गोष्टी तपासा. यजमानांना आणि सासूबाईंनाही वापरून पाहू द्या. एकट्या तुम्हाला जमून भागणार नाही.

पसंत पडली आणि कायमची बसवायची ठरवली, तर त्याआधी लग्नाचे, बारशाचे फोटो आणि सर्व कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवा. ती उतरली आहेत ना, हे स्वतः उघडून पाहा. बसवताना जुने सारे पुसले जाऊ शकते आणि गेलेले फोटो दुकानदार काही परत आणून देत नाही.

एवढे करूनही नवा कॉम्प्युटर घ्यावा लागलाच, तर खुशाल घ्या. पण दुकानात जाताना तो यादीचा कागद पर्समध्ये असू द्या. दुकानदार दहा गोष्टी दाखवील, आपण मात्र यादीतल्या कामांपुरतेच विचारावे.