गादी आधी कोरडी हवी

रेवस-मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या रायगडच्या किनाऱ्यावर नवी गादी घ्यायची ठरली की घरात दोनच प्रश्न निघतात: मऊ घ्यायची की कडक, आणि केवढ्याला मिळते. दुकानात बोलणं तेवढ्यावरच होतं आणि जाहिरातीही तेवढंच सांगतात. पण त्या जाहिरातींतली कोरडी, उजेडाची खोली मुरूडच्या किंवा श्रीवर्धनच्या जुलैतल्या खोलीसारखी नसते. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि पाऊस गेल्यावरही खारा दमटपणा पुरता जात नाही. अशा हवेत गादी किती मऊ आहे याच्या आधी ती सुकते का, हे विचारायला हवं. चांगल्या झोपेसाठी गादीवर पैसे खर्च करावेत, या मताचा मी आहे. मात्र इथे तो खर्च आधी कोरडेपणावर व्हावा आणि मग इतर गुणांवर, हे मला या लेखात पटवून द्यायचं आहे.

गादीचा झोपेशी खरोखर किती संबंध आहे, हे आधी तपासून घेऊ. विकणारे ते गृहीत धरतात. पाठदुखीपुरता चांगला पुरावा स्पेनमधल्या एका अभ्यासातून मिळतो. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी तो २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. कंबरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ जणांना त्यांनी दोन गटांत विभागलं, एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. आपल्याला कोणती मिळाली हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं अंथरुणातलं आणि सकाळी उठतानाचं दुखणं अधिक कमी झालेलं दिसलं. कंबर दुखते ना, मग फळीवर झोप, या पिढीजात सल्ल्याला त्यामुळे निदान जुनाट कंबरदुखीबाबत तरी आधार उरत नाही. त्यामागचं कारणही कळण्यासारखं आहे. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा थोडा आत गेला तर कणा सरळ राहतो. फळीवर ते आत जात नाहीत, आणि मध्ये खड्डा पडलेल्या गादीत सगळं धडच आत जातं. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातला २००९ सालचा एक अभ्यासही नेहमी पुढे केला जातो. ५९ जण आधी २८ रात्री आपापल्या जुन्या अंथरुणावर आणि मग २८ रात्री नव्या गादीवर झोपले. जुन्या गाद्या सरासरी साडेनऊ वर्षांच्या होत्या. नव्या गादीवर झोप सुधारली आणि मनावरचा ताणही कमी झाला. पण त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि नवी वस्तू मिळाल्याच्या समाधानाचाही काही वाटा त्यात असू शकतो. म्हणून या अभ्यासावरून मी एवढंच म्हणेन की बसलेली गादी बदलण्यात अर्थ आहे. दुप्पट किमतीच्या गादीवर दुप्पट चांगली झोप लागते, असं त्यातून सिद्ध होत नाही.

हे प्रयोग आपल्या हवेत झालेले नाहीत, आणि किनाऱ्यावरच्या वाचकाचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान उतरू लागतं आणि रात्रीतून साधारण एक अंशाने खाली येतं. ही उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. उष्ण-दमट खोलीत जाग वाढते, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही कमी होतात, हे जपानमधल्या झोपेच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. अंगाचा मोठा भाग रात्रभर गादीला टेकलेला असतो, त्यामुळे गादीतून हवा खेळत नसेल तर तेवढ्या भागाला निवायला वावच राहत नाही. शिवाय घाम आला नाही तरी प्रौढ माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून दिवसाला सुमारे ८०० मिलिलिटर पाणी जात असतं. रात्रीच्या वाट्याचं बरंचसं पाणी अंथरुणात मुरतं. देशावर सकाळच्या कोरड्या हवेत ते उडून जातं. इथे बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असल्याने ते गादीतच राहतं, आणि दुसऱ्या रात्री त्यात भर पडते.

साचलेल्या ओलीचे परिणाम कुबट वासावर थांबत नाहीत. गादीच्या पोटाखाली बुरशी धरते. धुळीतले सूक्ष्म किडेही तिथे वाढतात. जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचे हे जीव माणसाच्या गळलेल्या त्वचेवर जगतात आणि लागणारं पाणी हवेतून शोषून घेतात. आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तग धरू शकत नाहीत, आणि आपल्या किनाऱ्यावर तसं फारसं घडत नाही. या किड्यांमुळे दमा आणि सर्दी-शिंकांचा त्रास वाढतो, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं. रात्री नाक चोंदणं, पहाटे शिंकांनी जाग येणं, मुलांचा रात्रीचा खोकला यांचा दोष आपण सहसा पावसाला देतो. तो पावसाचा असेलही, पण गादी उचलून तिच्या खालची बाजू एकदा पाहायला हवी.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आपले आजे-पणजे सारवलेल्या जमिनीवर चटई किंवा गोधडी टाकून झोपले आणि पहाटे शेतावर, वाडीत, होडीवर कामाला गेले. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं आपली भाषाच सांगते. मग गादीचं एवढं काय? म्हण खरी आहे, पण ती झोप लागण्याबद्दल आहे. दमलेल्या माणसाला दगडावरही डोळा लागतो. त्या दगडावर रात्रीतून किती वेळा कूस बदलावी लागली आणि सकाळी पाठ कशी होती, हे म्हण सांगत नाही. त्या पिढीला दुखत नव्हतं असं आपण मानतो, पण तक्रार न करण्याची सवय आणि दुखणं नसणं या दोन गोष्टी एक नव्हेत. तरीही त्या जुन्या पद्धतीत एक मोठं शहाणपण होतं, आणि नेमकं तेच आपण टाकून दिलं. पथारी रोज सकाळी गुंडाळली जायची. चटई उभी राहायची, गोधडी वलणीवर जायची, झोपण्याची जागा दिवसभर मोकळी असायची. म्हणजे अंथरूण रोज सुकत होतं. आज घरोघरी खाली कप्पे असलेले बंद पलंग आहेत. प्लायवूडची सलग फळी, खाली न लागणारं सामान गच्च भरलेलं, वर आठ इंचांची गादी आणि ती वर्षानुवर्षं तिथेच. पलंग बहुधा भिंतीला चिकटून, आणि भिंत जांभ्याची असेल तर ती पावसाळ्यात ओल ओढते. कित्येक घरांत गादी ओलीपासून जपायची म्हणून दुकानातला प्लास्टिकचा कागदही तसाच ठेवतात. त्याने बाहेरचा शिंतोडा अडतो हे खरं, पण आतला घामही आतच अडतो. अशा पलंगावर भारी गादीसुद्धा दोन पावसाळ्यांत वास मारू लागेल, आणि त्यात गादी बनवणाऱ्याची चूक नसेल. नागाव, काशीद, दिवेआगर इथे पाहुण्यांसाठी खोल्या चालवणाऱ्यांनी तर हे आवर्जून पाहावं, कारण पावसाळ्यात आठवडाभर बंद राहिलेल्या खोलीतली गादी शनिवारी पंखा लावून सुकत नाही.

मग कशाची गादी घ्यावी? कापसाची गादी मोडीत काढण्याची घाई करू नये, असं मी म्हणेन. कापूस पाणी शोषतो हे खरं आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून असतो आणि पावसाळ्यात त्याहून बरंच जास्त. म्हणूनच पावसाळ्यात ती गादी जड होते, तिच्यात गुठळ्या होतात. पण तिचा गुण असा की ती उकलता येते. खोळ उसवून रुई उन्हात टाकायची, पिंजून घ्यायची आणि नव्या गादीपाटात भरून टाके घालायचे. पिंजाऱ्याची धनुकली आता क्वचितच दिसते, पण गादी कारखान्यांत यंत्रावर पिंजून मिळतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या किती तरी घरांची कौलं-पत्रे उडाली. छपराशिवायच्या घरात पाऊस शिरतो तेव्हा कापसाच्या आणि फोमच्या गादीतला फरक उघडा पडतो: रुई वेगळी करून वाळवता येते, फोमची जाड लादी आतपर्यंत भिजली की पावसाळ्यात ती सुकणं कठीण. काटेसावरीचा कापूस हलका, मेणचट आणि पाणी कमी धरणारा असतो. उशीला तो उत्तम, पण सतत दाबला गेला की त्याचा भुगा होतो, म्हणून पूर्ण गादीला तो पुरा पडत नाही.

नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून, दाबून, भाजून बनवलेली काथ्याची गादी या हवेला बरीच मानवते. काथ्यात लिग्निनचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर असतं, म्हणून तो सहसा कुजत नाही, आणि धाग्यांमधून वारा खेळतो. तिचा कडकपणा मात्र सगळ्यांना सोसत नाही. वर दीड-दोन इंच चांगल्या फोमचा किंवा लॅटेक्सचा थर असेल, तर स्पेनमधल्या त्या अभ्यासातल्या मध्यम कडक गादीच्या जवळपास जाता येतं. नुसती फोमची घ्यायची असेल तर जाडीपेक्षा घनता विचारावी. दुकानात ३२ किंवा ४० डेन्सिटी म्हणतात, म्हणजे घनमीटरला तितके किलो. हलक्या फोमला लवकर खड्डा पडतो. मेमरी फोमबद्दल मला शंका आहे. तो १९६६ साली नासासाठी विमानातल्या आसनांकरिता तयार झाला, अंगाच्या उबेने मऊ होणं हाच त्याचा गुणधर्म आहे, आणि तो उष्णता धरून ठेवतो. थंड देशात हे सुख असेल, पण मे महिन्यात वीज गेलेल्या रात्री तो नकोसा होईल. स्प्रिंगच्या गादीत हवा भरपूर खेळते, पण आतली तार पोलादाची असते आणि खाऱ्या हवेत खिडक्यांच्या गजांचं काय होतं हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

दुसरा आक्षेप पैशाचा. बारा हजारांची गादी आठ वर्षं टिकली तर २९२० रात्री होतात, म्हणजे रात्रीला चार रुपयांच्या आसपास. विक्रेत्यांच्या आवडीचं हे गणित चुकीचं नाही, पण ते गादी आठ वर्षं टिकण्यावर उभं आहे. बुरशी लागून ती दोन वर्षांत टाकावी लागली तर तोच खर्च रात्रीला सोळा रुपयांवर जातो. म्हणून हातात पैसा मोजका असेल तर मी असं सांगेन: आधी पलंगाच्या फळीला भोकं पाडून घ्या किंवा फळी काढून पट्ट्या बसवा, पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढा, खालचं सामान कमी करा, जुनी कापसाची गादी पिंजून घ्या आणि धुता येईल अशी सुती खोळ शिवा. सुताराची मजुरी आणि पिंजण्याचा खर्च मिळूनही नव्या गादीपेक्षा बराच कमी होईल. पुष्कळ घरांत एवढ्याने भागेल. हप्त्यावर महागडी गादी घेऊन दर महिन्याला त्या हप्त्याचीच काळजी करायची असेल, तर झोपेचा हिशेब तोट्यात जातो.

वातानुकूलित खोली असेल तर हे सगळं लागू नाही, असंही म्हटलं जातं. ते यंत्र हवेतली आर्द्रता कमी करतं हे खरं. पण ते रात्री चार-सहा तास चालतं, आणि बंद पलंगाच्या पोटात त्याचा वारा पोचत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: झोप बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा गादीत नसतंच. थळच्या खत कारखान्यात, डोलवीच्या पोलाद कारखान्यात किंवा उरणच्या बंदरात रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा उजेडात, गोंगाटात झोपायचं असतं. कोळीवाड्यातल्या माणसाची झोप भरती-ओहोटीवर ठरते, आणि १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी आली की ती वेळ पुन्हा बदलते. त्यांच्या झोपेला काळा पडदा, ठरलेली वेळ आणि घरातल्यांची साथ गादीपेक्षा अधिक उपयोगी पडेल. हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण ज्याला झोप आधीच कमी मिळते, त्याचे हातात असलेले चार-पाच तास तरी खड्ड्यात, ओलीत आणि शिंकांत जाऊ नयेत, एवढं गादी नक्की करू शकते.

खरेदी पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी, म्हणजे नव्या गादीला सुरुवातीचे महिने कोरडे मिळतात. दुकानात चप्पल काढून, आपल्या नेहमीच्या कुशीवर, निदान दहा-पंधरा मिनिटं पडून पाहावं. दोघं झोपणार असतील तर दोघांनी. उताणं झोपल्यावर कंबरेखाली हात सहज आरपार जात असेल तर गादी कडक आहे, कंबर खाली बुडून हात अजिबात शिरत नसेल तर ती फार मऊ आहे. ऑनलाइन गादीबरोबर शंभर रात्रींची मुदत मिळते, पण आपल्या गावाच्या पिनकोडवरून ती परत उचलून नेतील का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. घरी आणल्यावर प्लास्टिक पूर्ण काढा, चादर आणि खोळ गरम पाण्यात धुवा, कारण ५५-६० अंशांच्या पाण्यात ते सूक्ष्म किडे मरतात, आणि उघडीप मिळेल तेव्हा गादी भिंतीला उभी करून दोन्ही बाजूंनी वारा लागू द्या. एवढं करूनही महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही, किंवा झोपलेल्या माणसाचं घोरणं मध्येच थांबून श्वास अडकत असेल, तर आणखी भारी गादीच्या शोधात फिरू नका. तो त्रास डॉक्टरांना दाखवायचा आहे.