शेजारधर्म पाळणारा रेडिओ

ज्यांच्या घरी लाकडी पेटीचा रेडिओ होता, त्यांना ती शिट्टी आठवत असेल. रात्र झाली की मध्यम लहरींवर दूरदूरची केंद्रं उमटू लागायची. सांगली केंद्र ऐकता ऐकता मधेच कुठलंतरी परकं केंद्र घुसायचं, आणि दोघांच्या झटापटीतून एक बारीक, कर्कश शिट्टी निघायची. कुणीतरी उठून बटण सूतभर फिरवायचं, की पुन्हा बातम्या सुरू.

२७ मार्च १९७७ रोजी हीच शिट्टी कॅनरी बेटांतल्या टेनेरीफच्या विमानतळावर, एका जंबो जेटच्या कॉकपिटमध्ये ऐकू आली. बाहेर धुकं होतं. केएलएमचं विमान धावपट्टीच्या टोकावरून उड्डाणासाठी निघालं होतं आणि पॅन ॲमचं विमान त्याच धावपट्टीवरून हळूहळू पुढे सरकत होतं. टॉवरने केएलएमला थांबायला सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमच्या वैमानिकानेही ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ अशा अर्थाचं सांगितलं. दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलले, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ती मोलाची वाक्यं तीन-चार सेकंदांच्या शिट्टीत बुडाली. दोन्ही विमानांची टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. धुकं, घाई, संदिग्ध शब्द अशी कारणं अनेक होती. पण दोन इशारे एकमेकांवर आदळले नसते, तर त्या उतावळ्या विमानाला थांबायला निदान एक कारण मिळालं असतं.

या घटनेला आता जवळजवळ पन्नास वर्षं होतील, आणि विमानातला आवाजी रेडिओ अजूनही त्याच पद्धतीने चालतो. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि आपल्या मध्यम लहरींच्या केंद्रांसारखंच एएम. घरात एफएम आलं, मोबाइल आले, आकाशात मात्र तेच. ही जडता नव्हे, त्यामागे विचार आहे. एफएमवर दोघं एकदम बोलले तर बलवान लहर दुबळीला पुरती गिळते, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एएमवर निदान शिट्टी ऐकू येते, कुणीतरी दबलं गेलं एवढं कळतं. शिवाय पन्नास वर्षांपूर्वीचं विमान आणि काल कारखान्यातून निघालेलं विमान एकमेकांशी बोलू शकतात. या क्षेत्रात काही काढून टाकायचं तर त्याच्या जागी काय येणार, हे आधी सिद्ध करावं लागतं.

अडचण जागेची आहे. पूर्वी २५ किलोहर्ट्झ अंतरावर एकेक चॅनल असे. हिशेब केला तर १९ मेगाहर्ट्झमध्ये ७६० चॅनल. युरोपचं आकाश इतकं दाटलं की १९९९ पासून वरच्या थरात एका चॅनलच्या जागी तीन बसवायला सुरुवात झाली. तरी पुरेना. प्रत्येक विमान वाट काढत एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर जातं, प्रत्येक नियंत्रक एका वेळी एकाशीच बोलतो, आणि ऐकलेला प्रत्येक आकडा वैमानिकाला परत म्हणून दाखवावा लागतो.

आकड्यांचं ओझं काय असतं, हे आपल्या देशाने चरखी दादरीला भोगलं. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीजवळ सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर झाली आणि ३४९ जण गेले. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, सौदी विमान १४ हजारांवर होतं. कझाक विमान खाली उतरत गेलं. त्या विमानात इंग्रजी समजणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा, विमान चालवणारे वेगळे, आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसत नव्हती. तोंडी शब्द कानातून हातापर्यंत पोचेपर्यंत किती ठिकाणी सांडू शकतो, याचा इतका दुःखद दाखला दुसरा क्वचितच असेल.

म्हणून शब्द लिहून पाठवायची कल्पना पुढे आली, आणि तिचा उगम फार घरगुती आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत एकार्स ही संदेशयंत्रणा सुरू झाली. विमान फाटकावरून निघालं, हवेत गेलं, उतरलं, फाटकाशी लागलं, या चार वेळा कंपनीला आपोआप कळाव्यात आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा हिशेब चोख राहावा, एवढीच सुरुवातीची अपेक्षा. पुढे १९९५ च्या सुमारास प्रशांत महासागरावर बोइंग ७४७-४०० विमानांतून उपग्रहामार्फत नियंत्रकाशी लेखी संवाद सुरू झाला. युरोपात मास्ट्रिक्टच्या केंद्राने २००३ पासून तो रोजच्या कामात आणला. नियंत्रक बटण दाबतो, कॉकपिटमध्ये एक नाजूक घंटा वाजते, पडद्यावर ‘क्लाइंब टू एफएल ३६०’, म्हणजे ३६ हजार फुटांवर जा, असं उमटतं, आणि वैमानिक ‘विल्को’ दाबतो, म्हणजे सांगितल्याप्रमाणे करतो. उच्चार कसाही असो, वाचायला एकच आकडा.

पण या लेखी टपालाचा रस्ता फारच अरुंद निघाला. व्हीडीएल मोड २ नावाच्या या यंत्रणेचा वेग सेकंदाला ३१.५ किलोबिट, आणि तोही त्या चॅनलवरच्या सगळ्या विमानांत वाटून. नियम साधा: बोलण्याआधी ऐका, कुणी बोलत नसेल तरच बोला. जमिनीवर हे ठीक चालतं. ३५ हजार फुटांवरच्या विमानाला मात्र सुमारे सव्वाचारशे किलोमीटरपर्यंतची जमिनीवरची केंद्रं ऐकू येतात, आणि त्या केंद्रांना एकमेकांचा आवाज येत नाही. दोघंही शांतता आहे असं समजून एकदम बोलतात, आणि वर विमानात संदेशांचा चुराडा होतो. टेनेरीफचीच गोष्ट, फक्त आता शिट्टीसुद्धा नाही. युरोपने २००९ मध्ये केलेल्या सक्तीची मुदत २०१५ ची होती. मधेच तुटणाऱ्या संपर्कामुळे ती २०२० पर्यंत ढकलावी लागली. अपुरं यंत्र सक्तीने लादण्यापेक्षा पाच वर्षं थांबणं बरं, असं मला मनापासून वाटतं.

मग नवा, रुंद रस्ता काढायचा कुठून? युरोकंट्रोल आणि अमेरिकेचं हवाई वाहतूक प्रशासन यांनी नासाच्या मदतीने एक मोठा अभ्यास केला आणि २००७ मध्ये तो संपवला. डझनावारी पर्याय तपासून त्यांनी काम तीन ठिकाणी वाटलं: विमानतळावर एक, जमिनीवरून उडत्या विमानापर्यंत दुसरं, समुद्रावर उपग्रह. त्याच वर्षी जागतिक रेडिओ परिषदेने यासाठी लहरींची जागाही दिली. विमानतळासाठीच्या एरोमॅक्सची तालीम नासाने क्लीव्हलँडच्या विमानतळावर घेतली, आणि हा योग मला फार भावतो. नियंत्रण मनोऱ्यातून रेडिओवर विमानांशी बोलायला १९३० मध्ये पहिल्यांदा सुरुवात झाली, ती याच विमानतळावर. त्याआधी माणूस झेंडे हलवायचा.

खरी कसोटी दुसऱ्या कामाची होती, आणि तिथे माझं मन सर्वात जास्त रमतं. त्या यंत्रणेचं नाव एलडॅक्स. तिला मिळालेली जागा ९६० ते ११६४ मेगाहर्ट्झची, म्हणजे एल बँडमधली. ही जागा रिकामी नव्हतीच. गिरगावातल्या जुन्या चाळीसारखी ती काठोकाठ भरलेली. इथे डीएमई राहतं, विमानाला अंतर सांगणारं यंत्र. विमान दोन ठोके पाठवतं, जमिनीवरचं केंद्र ५० मायक्रोसेकंद थांबून दोन ठोक्यांनी उत्तर देतं, आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर कळतं. शेजारी रडारला विमानाची ओळख सांगणारी यंत्रणा, पलीकडे लष्कराचं दळणवळण. कुणालाही घर सोडायला सांगता येत नाही. त्यांच्यावर रोज विमानं उतरतात.

डीएमईचे चॅनल एकेक मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत. दोन खोल्यांमधल्या बोळात संशोधकांनी अर्धा मेगाहर्ट्झ रुंदीचा संसार थाटायचं ठरवलं. पन्नास बारीक लहरी, एकमेकींपासून जेमतेम पावणेदहा किलोहर्ट्झवर, आणि कडा इतक्या काटेकोर छाटलेल्या की शेजाऱ्याच्या दारात त्यांचा कचरा पडू नये. उलट बाजूने शेजाऱ्याचा गोंगाट तर सहन करायचाच. डीएमईचा ठोका साडेतीन मायक्रोसेकंदांचा, पण भलता दणकट, आणि तो पाठवणारा अँटेना त्याच विमानाच्या अंगावर हाताच्या अंतरावर. हातोडा चालू असताना कानात सांगितलेलं समजावं, असा हा प्रश्न. उत्तर असं: ठोका कुठे पडला ते ओळखायचं, तेवढा तुकडा कोरा धरायचा आणि हरवलेली अक्षरं उरलेल्या अक्षरांवरून भरून काढायची. यातून मिळणारा वेग परिस्थितीनुसार सेकंदाला साधारण ३०० ते १४०० किलोबिट. आपल्या मोबाइलच्या मानाने थोडा. पण मघाच्या ३१.५ शेजारी ठेवला, तर पायवाटेशेजारी राजरस्ता.

हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. एलडॅक्सचा एक पूर्वज जर्मन अवकाशसंस्था डीएलआर, व्हिएन्नाची फ्रिक्वेंटिस कंपनी आणि साल्झबर्ग विद्यापीठ यांनी मिळून घडवला. दुसरा उमेदवार मोबाइलच्या जीएसएमच्या वळणाचा होता. तो मागे पडला. विमानातले सुटेसुटे रेडिओ एका जाळ्यात गुंफण्यासाठी २००९ मध्ये युरोपीय संघाच्या मदतीने सँड्रा हा प्रकल्प उभा राहिला. त्यात इटलीच्या सेलेक्सच्या पुढाकाराने अनेक देशांतले उद्योग, विद्यापीठं आणि संशोधनसंस्था एकत्र आल्या. मग २०१९ मध्ये डीएलआरने रोडे उंड श्वार्त्झ आणि इतर सहकाऱ्यांबरोबर म्युनिकजवळच्या ओबरफाफेनहोफेनहून आपलं फाल्कन विमान उडवलं, आणि एलडॅक्स प्रत्यक्ष विमानात बसून पहिल्यांदा जमिनीशी बोललं. २००७ मध्ये जागा मिळाली, उड्डाण २०१९ मध्ये. डीएलआरच्या मिखाएल श्नेल यांच्यासारख्या संशोधकांनी आयुष्यातली ऐन कर्तबगारीची वर्षं या एका बोळात घालवली आहेत. त्यांचं नाव कोणत्याही विमानावर लिहिलं जाणार नाही.

दोन गोष्टी मला याहूनही मोलाच्या वाटतात. एक, ओळख पटवण्याची. आजच्या आवाजी रेडिओवर कुणीही नियंत्रक असल्याचा आव आणू शकतो; एलडॅक्समध्ये जमीन आणि विमान दोघंही आधी एकमेकांची खात्री करून घेतात. दुसरी, उपग्रहांच्या दिशादर्शनात मुद्दाम अडथळे आणण्याचे प्रकार बाल्टिक समुद्राच्या परिसरात आणि पश्चिम आशियात वाढलेले असताना, याच लहरींवरून विमानाला आपलं स्थानही काढता येईल.

उपग्रहाच्या बाजूला युरोपीय अवकाशसंस्था आणि इन्मारसॅट यांनी मिळून उभा केलेला आयरिस प्रकल्प आहे. इझीजेटची विमानं त्यावर उडू लागली आहेत. स्पेनमध्ये इंद्रा आणि एनाइरे यांच्या स्टार्टिकलने वेगळाच विचार केला: विमानातला जुना रेडिओ तसाच ठेवायचा, आणि त्याला उत्तर देणारं केंद्र उपग्रहावर न्यायचं. समुद्रावर उडणाऱ्यांसाठी याहून सोयीचं काय असेल!

समुद्र म्हटलं की आपली अरबी समुद्रावरची वाट आलीच. मुंबईचा किनारा मागे पडला की काही शे किलोमीटरनंतर नेहमीचा आवाजी रेडिओ संपतो, कारण लहर सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. पुढे एकतर ‘मुंबई रेडिओ’शी लघुलहरींवर, खरखरीतून, ओरडून बोलायचं, नाहीतर पडद्यावर व्हीएबीएफ ही चार अक्षरं टाकून मुंबईशी लेखी संवाद जोडायचा.

लेखी संवादाने एक गोष्ट मात्र जाते, आणि वैमानिकांना ती खरोखरच जाणवते. एकाच फ्रिक्वेन्सीवर सगळे बोलतात तेव्हा सगळे ऐकतातही. पुढच्या विमानाला धक्के बसले, कुणी ढग टाळून डावीकडे वळलं, कुणाचा प्रवासी आजारी आहे, हे न विचारता कानावर पडतं. ‘विल्को’ फक्त दोघांपुरतं असतं. ही सामाईक जाण नव्या यंत्रणेत कशी आणायची, हा प्रश्न वेगाच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे असं मी मानतो. तोवर आपले वैमानिक मुंबईच्या नियंत्रकाच्या फ्रिक्वेन्सीवर आले की आधी ‘नमस्कार’ म्हणतात आणि मग उंची सांगतात.