पाण्याची परतवाट

शिडाच्या छोट्या बोटीवर सगळा संसार कॉकपिटात चालतो. सुकाणूचा दांडा तिथे, शिडांच्या दोऱ्या तिथे, रात्रीचा पहाराही तिथेच. डेकमध्ये खोल बसवलेली ही उघडी जागा: दोन्ही बाजूंना बाकं, मध्ये पाय ठेवायला खळगा. खळगा आहे म्हटल्यावर त्यात पाणी येणारच. पावसाचं येईल, तुषारांचं येईल आणि कधीतरी एखादी अख्खी लाट येईल. ते बाहेर जावं म्हणून खळग्याच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. जुनी बोट विकत घेताना लोक शिडं तपासतात, इंजिन सुरू करून बघतात, गाद्या दाबून पाहतात. या भोकांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझ्या मते पन्नास वर्षं जुन्या पंचवीस फुटी बोटीत पहिली नजर तिथेच जायला हवी.

एके काळी ही भोकंही नव्हती. 1942 साली स्वीडनमध्ये आकाराला आलेली फोकबोट ही जगातल्या सर्वांत लाडक्या छोट्या बोटींपैकी एक. तिच्या मूळ रूपात कॉकपिटातलं पाणी थेट बोटीच्या तळाशी जाई आणि तिथून ते उपसावं लागे. याच फोकबोटीचा सांगाडा घेऊन ब्लाँडी हॅसलर या ब्रिटिश माणसाने ‘जेस्टर’ बनवली आणि 1960 साली एकट्याने अटलांटिक पार करण्याच्या पहिल्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. त्याने कॉकपिट ठेवलंच नाही. वरून डेक बंद, माणूस आत, सगळ्या दोऱ्या हाताशी. पाणी साचायला जागाच नाही, तर काढायचं कुठून? या प्रश्नाचं इतकं निर्भेळ उत्तर पुन्हा क्वचितच कुणी दिलं असेल.

बाकीच्यांना मात्र मोकळी हवा हवी असते. साठ-सत्तरच्या दशकांत फायबरग्लासच्या बोटी साच्यातून भराभर निघू लागल्या, तेव्हा आपोआप रिकामं होणारं कॉकपिट ही नेहमीची सोय झाली. तळ समुद्राच्या पातळीपेक्षा थोडा वर, कोपऱ्यांत दोन भोकं, त्यांना रबरी पाइप, आणि पाइपांची दुसरी टोकं बोटीच्या अंगातून बाहेर. तत्त्व निर्दोष आहे. अडचण मापांत आहे. बसणाऱ्याची पाठ वाऱ्यापासून झाकली जावी म्हणून तळ खोल नेला, की समुद्रापेक्षा जेमतेम वीतभरच वर राहतो. पाणी ढकलायला उंचीखेरीज दुसरी ताकद नसते, आणि तीच इथे तुटपुंजी.

थोडा हिशेब करून पाहू. खळगा दीड मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर खोल धरला, तर त्यात 360 लिटर पाणी मावतं. दोन टनांच्या बोटीच्या शेपटीवर पाच माणसं अचानक येऊन बसावीत एवढा हा भार. तळ समुद्रापेक्षा 12 सेंटिमीटर वर आहे आणि भोकं दोन आहेत असं समजा. आतला मोकळा व्यास 19 मिलिमीटर असेल, तर हे पाणी जायला साडेसात मिनिटं लागतात. व्यास 38 मिलिमीटर केला, की दोन मिनिटांच्या आत काम होतं. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं, त्याची ही करामत. प्रत्यक्षात मात्र आकडे याहून वाईट निघतात. पाइपाचं घर्षण असतं, वळणं असतात आणि भाराने बोटीची मागची बाजू खाली बसली, की ते 12 सेंटिमीटरही घटतात. खवळलेल्या समुद्रात पुढची लाट साडेसात मिनिटं थांबत नाही.

या हिशेबात सगळी मेख ‘आतला मोकळा व्यास’ या शब्दांत आहे. तळाचं भोक दीड इंची दिसतं, म्हणून मालक निश्चिंत असतो. खाली वाकून पाइप सोडवला, की खरं कळतं. पाइप ज्या दातेरी नळीवर चढवलेला असतो, तिचं तोंड पाऊण इंचाचं असतं. वर मोरीसारखी जाळी, तिने निम्मी वाट अडवलेली. खाली काटकोनी एल्बो. काही बोटींत तर दोन्ही पाइप जोडून एकाच भोकातून बाहेर काढलेले असतात. पाणी जातं ते सर्वांत अरुंद जागेच्या हिशेबाने, त्यामुळे एकच भाग बदलून उपयोग होत नाही. जाळीपासून बाहेरच्या तोंडापर्यंत सगळी वाट एका मापाची करावी लागते. समुद्री शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांतसुद्धा साडेआठ मीटरांहून लहान बोटीला किमान 25 मिलिमीटरची दोन भोकं सांगितली आहेत, तीही जाळीची अडचण वजा करून. नियमाने हे किमान मागितलं आहे. मी स्वतः त्यावर समाधान मानणार नाही.

दुसरा उपाय खळगाच लहान करण्याचा, आणि माझ्या लेखी तो पहिल्याइतकाच मोलाचा आहे. खळग्याच्या मागच्या भागात पाणी न शिरणारी पेटी पक्की बसवली, की शंभर लिटर सहज कमी होतात. केबिनच्या दाराशी बाकाच्या उंचीपर्यंत बांध असावा. नसेल तर दाराची सर्वांत खालची फळी समुद्रात असताना कायमची अडकवून ठेवावी. ऑगस्ट 1979 च्या फास्टनेट शर्यतीत 303 बोटी निघाल्या होत्या. वादळात पंधरा खलाशी गेले आणि पाच बोटी बुडाल्या. चौकशीत पाण्यापासून बचावाच्या बाबतीत सर्वांत गंभीर दोष केबिनच्या मुख्य दारांच्या रचनेत आढळला. भरलेलं कॉकपिट बोटीला जड करतं, पण बुडवतं ते त्यातून केबिनमध्ये उतरणारं पाणी.

आता जुना वाद: पाइप सरळ न्यावेत की एकमेकांना छेदून, डावीकडचा उजवीकडे? वाऱ्याने बोट कलली, की खालच्या बाजूचं भोक समुद्राच्या पातळीखाली जाऊ शकतं. पाइप सरळ असेल तर समुद्र तिथून उलट आत येतो आणि कोपऱ्यात बसलेल्याचे पाय भिजतात. छेदून नेलेल्या पाइपाचं बाहेरचं तोंड वरच्या बाजूला, बहुधा पाण्याबाहेर असतं, म्हणून उलटा प्रवाह थांबतो. मात्र कललेल्या बोटीत ते तोंड कोपऱ्यापेक्षा उंच असेल, तर कोपऱ्यातलं पाणीही बाहेर पडत नाही. म्हणजे पाय कोरडे राहतात, पण निचऱ्याचा वेग वाढत नाही. त्यातून पाइप लांबतात ते वेगळंच. जमेल तिथे मागच्या सपाट पाटीतून थेट बाहेर काढलेली आखूड, रुंद नळी मला जास्त पटते. तिच्या बाहेरच्या तोंडावर रबराची झडप लावावी, म्हणजे मागून आलेली लाट आत घुसत नाही.

नवं भोक पाडताना तळाच्या आतलं लाकूड विसरून चालत नाही. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवूड असतं आणि उघड्या कडेतून त्यात पाणी मुरलं, की तळ पायाखाली दबू लागतो. म्हणून भोक आधी मोठं पाडायचं, घट्ट केलेल्या एपॉक्सीने भरायचं आणि ते वाळल्यावर त्यातच हव्या त्या मापाचं भोक घ्यायचं. पाइप बोटीच्या अंगातून बाहेर पडतो, तिथल्या पाण्याखालच्या व्हॉल्व्हला सुरीच्या टोकाने ओरखडा काढून बघावा. पिवळ्या चमकेऐवजी गुलाबी रंग दिसला, तर पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लं आहे आणि तो व्हॉल्व्ह हाताच्या झटक्यानेही तुटेल. त्या जागी ब्राँझचाच बसवावा. नांगरलेल्या बोटीचे हे व्हॉल्व्ह बंद करून घरी जाता येत नाही, कारण मग पावसाचं पाणी कॉकपिटात साचतं आणि बाकाखालच्या कप्प्यांतून आत झिरपतं. कायम उघडा राहणारा व्हॉल्व्ह आणि पाइप भरवशाचेच हवेत.

मोठी भोकं नसतानाही नशीबवान ठरलेल्या काही रचना आहेत. मुंबईत सागवानात बांधलेली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची बत्तीस फुटी ‘सुहैली’ 1968-69 मध्ये कुठेही न थांबता, एकट्या माणसाला घेऊन 312 दिवसांत जग फिरून आली. तिची मागची बाजू पुढच्यासारखीच निमुळती आहे. तिथे मोठं कॉकपिट मावतच नाही. दक्षिण महासागरात ती आडवी झाली, केबिनचे सांधे हलले, तरी ती तरली. जुन्या निमुळत्या बोटींचं कॉकपिट अडचणीचं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

काम पुरं झालं, की परीक्षा धक्क्यालाच घ्यावी. नेहमी असतात तेवढी माणसं मागे बसवायची, भोकांना बोळे लावून बादल्यांनी कॉकपिट बाकापर्यंत भरायचं, मग बोळे काढून घड्याळ लावायचं. तोवर एकाने बॅटरी घेऊन बाकाखाली शिरावं. पाइपाच्या प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प आहेत ना, कप्प्याच्या झाकणातून थेंब येतात का, हे तेव्हाच कळतं. आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवावी. पाइप निसटला, तर ती शोधायला वेळ नसतो.