ऐकायचं काम आता माझं

मार्च-एप्रिलमध्ये जांबोटीच्या रानात गेलात, तर झाडांच्या शेंड्यांकडे कान द्या. ‘चि-स्वीट, चि-स्वीट’ असा बारीक आवाज आला, की समजा हिरवट वटवट्या अजून निघालेला नाही.

हा पाहुणा जेमतेम १० सेंटिमीटर लांब, वजन ७-८ ग्रॅम. पाठ हिरवट, भुवई फिकट, पंखावर एक पुसट पट्टी. हिवाळा आपल्याकडे काढायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर विणीसाठी हिमालय किंवा त्याच्याही उत्तरेला जायचं, हा त्याचा नेम. पानांत तो क्षणभर स्वस्थ बसत नाही. म्हणून आधी आवाज ओळखायचा, मग दुर्बीण लावायची. हे मला बाबांनी शिकवलं.

यंदा पाडव्याला बेळगावला आलो, तेव्हा आम्ही दोघं पहाटेच निघालो. डोक्यावरच आवाज आला. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “यंदा लवकर गेले वाटतं रे.”

वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, हे मी वाचलं होतं. तरी काय बोलावं सुचेना. मी बोटाने फांदी दाखवली. त्यांनी दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं आणि हसले. “ऐकायचं काम आता तुझं. बघायचं माझं.”

घरी येऊन आधी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तुम्हालाही रान दाखवणारं घरात कोणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्याबरोबर एकदा जाच.