हुकूम यंत्राला, जाब आपल्याला

बार्शीहून सोलापूरकडे निघालात म्हणजे वाटेत वैराग लागते. गाव सोलापूर जिल्ह्यातले, पण पूर्वेचा शेजारी जिल्हा धाराशिव. सोयरीक म्हणा, येणेजाणे म्हणा, दोन्हीकडे. २०२३ साली सरकारने त्या शेजारी जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव अधिकृतपणे बदलून धाराशिव केले. आता समजा, वैरागच्या एखाद्या शिक्षकांच्या मनात आले की, मराठी विकिपीडियावर जेथे जेथे जुने नाव दिसेल तेथे तेथे नवे घालावे. एकेक पान उघडून दुरुस्त करावयाचे म्हटले तर उन्हाळ्याची सुटीसुद्धा पुरावयाची नाही. तेवढ्यात एखादा जुना विद्यार्थी सांगतो, "गुरुजी, त्याला एक अवजार आहे. तुम्ही एक ओळ लिहा, बाकीचं ते करतं."

हे अवजार चालते कसे आणि ते हाती धरताना काय सांभाळावे, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यावर लाखाच्या आसपास लेख आहेत. ते पगारी नोकरांनी लिहिलेले नाहीत. तुमच्याआमच्यासारख्यांनी सवडीने लिहिलेले आहेत. वाद पडला, शंका आली, तर बोलण्यासाठी तेथे एक पान आहे. त्याचे नावच मुळी 'चावडी'. म्हणजे हा नुसता ग्रंथ नव्हे, हे एक गाव आहे, हे आधी ध्यानात घ्या.

या गावात शिरण्याच्या वाटा दोन. एक आपल्या ओळखीची: पान उघडावे, 'संपादन' दाबावे, लिहावे, जतन करावे. दुसरी वाट यंत्रांसाठी आहे. तिला 'एपीआय' म्हणतात. पोस्टातल्या खिडकीसारखे समजा. ठरलेल्या नमुन्यात मागणी आत द्यावयाची आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यावयाचे. या खिडकीशी आपल्या वतीने बोलणारे अवजार म्हणजे 'पायविकिबॉट'. ते पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेले असून फुकट मिळते. त्याला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. संगणकावर एक काळी चौकट उघडते, तिच्यात हुकूम टंकावयाचा आणि 'एंटर' दाबावयाचे. झाले!

जोडणी करताना अवजाराला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. कोणता प्रकल्प? विकिपीडिया. कोणती भाषा? मराठी, तिची खूण एम आणि आर ही दोन रोमन अक्षरे. आणि कोणाच्या नावाने? ही उत्तरे एका छोट्या फाइलीत राहतात. मग प्रवेशाचा हुकूम द्यावयाचा. अवजार परवलीचा शब्द विचारते आणि तो जुळला, की अमुक नावाने प्रवेश झाला, असे कळवते.

येथे पहिली खबरदारी. आपला मुख्य परवलीचा शब्द अवजाराच्या हाती देऊ नका. विकिपीडियावर अशा कामासाठी निराळा 'बॉट-परवलीचा शब्द' काढता येतो. त्याला काय काय करू द्यावयाचे ते आपण ठरवतो आणि वाटेल तेव्हा तो रद्दही करू शकतो. साऱ्या घराची किल्ली गड्याला न देता फक्त गोठ्याची द्यावी, तसेच हे. शिवाय एकदा झालेला प्रवेश संगणकात टिकून राहतो. तेव्हा दुसऱ्याच्या दुकानातल्या संगणकावर हा उद्योग नकोच.

आता मूळ कामाकडे वळू. गुरुजींनी हुकूम दिला: अमुक वर्गातली पाने घे, आणि 'उस्मानाबाद' दिसेल तेथे 'धाराशिव' कर. अवजार इमानदार आहे, पण त्याला अर्थ कळत नाही. अक्षरे जुळली की ते बदलते. मग काय काय होईल, बघा.

उस्मानाबादी शेळी ही आपल्याकडची नावाजलेली जात. तिची होईल 'धाराशिवी' शेळी, आणि या नावाची शेळी कोणत्याही बाजारात मिळावयाची नाही! 'धाराशिवचे पूर्वीचे नाव उस्मानाबाद' हे सरळ वाक्य 'धाराशिवचे पूर्वीचे नाव धाराशिव' असे होऊन बसेल. 'उस्मानाबादेत' याचे 'धाराशिवेत' होईल. असे कोण बोलतो? जुन्या पुस्तकाचे छापील नावही बदलून जाईल. आणि घरचेच उदाहरण घ्या. बार्शी विधानसभा मतदारसंघ ज्या लोकसभा मतदारसंघात मोडतो, त्याचे नाव २०२४ च्या निवडणुकीतही उस्मानाबाद हेच होते. म्हणजे जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून सगळ्याच ठिकाणचे बदलले, असे होत नाही.

कोणी म्हणेल, "अहो, चुकलं तर परत फिरवता येतं की!" येते, हे खरे. प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो. पण पाचशे पाने बिघडली तर ती निस्तरणार कोण? कोणी तरी आपलाच मराठी माणूस, आपली झोप मोडून. शिवाय बॉटची खूण मिळालेल्या खात्याचे बदल 'अलीकडील बदल' या यादीत एरवी दाखवले जात नाहीत. चूक चटकन कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि तोवर एखादा विद्यार्थी तीच वहीत उतरवून घेतो.

म्हणून रीत अशी. बॉटसाठी निराळे खाते काढा. काम काय, कसे करणार, हे आधी चावडीवर सांगा आणि संमती घ्या. मग रंगीत तालीम करा. हुकुमापुढे 'सिम्युलेट' हा शब्द जोडला, की काय बदलेल ते अवजार दाखवते, पण जतन काही करीत नाही. नंतर दहा पाने खरी घ्या. प्रत्येक बदलाआधी अवजार जुना आणि नवा मजकूर समोर ठेवून 'होय की नाही' असे विचारते. तेथे 'सर्व' असेही उत्तर देता येते. मोह तेथेच होतो, तो आवरा. हुकूम चुकला असे वाटले तर 'कंट्रोल' आणि 'सी' ही बटणे एकदम दाबा, काम थांबते.

अवजार मुद्दाम सावकाश चालते, त्यालाही कारण आहे. एरवी ते दोन जतनांमध्ये दहा सेकंद थांबते, आणि विकिपीडियाच्या यंत्रांवर ताण असेल तर आणखी वाट पाहते. पाणवठा सर्वांचा, एकट्याने मोट लावून तो उपसावयाचा नसतो. तो वेग वाढवता येतो म्हणून वाढवू नका.

एवढे केले म्हणजे गुरुजींचे काम सुटीत नक्की उरकेल. जिल्ह्याचे आजचे नाव जेथे हवे तेथे धाराशिव येईल, जुन्या पुस्तकाचे नाव जसेच्या तसे राहील, आणि शेळी उस्मानाबादीच राहील. हुकूम पाळणे हे यंत्राचे काम. कोणता हुकूम द्यावा हे मात्र ज्याला गाव ठाऊक आहे त्यानेच ठरवावयाचे. कारण बदलापुढे नाव लागते ते त्याचे, आणि चावडीवर जाब विचारला जातो तोही त्यालाच.