उचलून घेऊ की!

नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव मुळा सहकारी साखर कारखान्यामुळे जिल्ह्यात आणि पाच-सहा किलोमीटरांवरच्या शनिशिंगणापूरमुळे दूरदूरच्या यात्रेकरूंच्या परिचयाचे झालेले असून, बारमाही वर्दळीने येथील रस्त्यांना उसंत म्हणून ठाऊक नाही. मात्र ज्या घरात चालता न येणारे, अथवा गर्दीचा गलबला क्षणभरही न सोसणारे मूल आहे, त्या घराने सोनईहून चार दिवस कोठे जावे, हा प्रश्न पर्यटनाच्या रंगीत पत्रकांत सहसा आढळत नाही.

आपल्याकडे सुट्टी म्हणजे मामाचे गाव, आणि आईच्या बाजूने पाहिल्यास माहेरपण. मूल अंगावर असते तोवर हे सुरळीत चालते. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून पायऱ्यांची चौकशी केली, की पलीकडून मोठ्या आपुलकीने उत्तर येते, ‘तुम्ही या तर खरं, उचलून घेऊ की!’ या उत्तरातला जिव्हाळा अस्सल आहे, त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु सहा वर्षांचे मूल कडेवर मावते आणि चौदा वर्षांचे मावत नाही. त्याच्या वजनाने आईची कंबर धरते, आणि वाढत्या वयाच्या मुलीला तर चार परक्या पुरुषांनी उचलून गाडीत ठेवावे हे तिला स्वतःलाच नकोसे होते. उचलून घेणाऱ्या हातांच्या भरवशावर आपण बांधकामे केली, आणि मूल जसजसे मोठे होत गेले तसतसे त्या कुटुंबाचे जग आवळत आले, असे मला स्पष्ट दिसते.

रॅम्पचेच पाहा. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असे सर्वमान्य आहे. म्हणजे ओटा दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फूट लांब हवा. गावोगावच्या लॉजपुढे ‘रॅम्प’ म्हणून जे दाखवले जाते, ते बहुधा रात्री मोटारसायकल ओट्यावर चढवण्यासाठी ओतलेले चार फुटांचे सिमेंट असते, आणि त्यावरून खुर्ची उतरवू लागलो तर मूल तोंडावरच यायचे. खोलीत पोहोचल्यावर खरी अडचण न्हाणीघरापाशी उभी राहते. दार अरुंद, आत उंबरा आणि फरशी निसरडी. लंगोट बदलायला किशोरवयीन मुलाला निजवावे कोठे, याचा विचारच कोणी केलेला नसतो. ब्रिटनमध्ये याच एका गरजेसाठी, मोठ्या आकाराचा बाक आणि उचलण्याचे यंत्र असलेली स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून, २००६ पासून चळवळ चालू आहे, आणि तिने तेथील बांधकामाच्या नियमांतही जागा मिळवली आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता तरतुदींची उणीव नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि मनोरंजनाचा व सांस्कृतिक जीवनाचा हक्कही मान्य केला. तथापि सुगम्यतेचे निकष त्याखालील नियमाने केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही विसंगती दाखवून सक्तीचे निकष ठरवण्याचा हुकूम केंद्र सरकारला दिला. त्याआधी, मे २०२२ मध्ये, रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिले नाही, तेव्हा देशभर संताप उसळला आणि नियम बदलावा लागला. आता वैद्यकीय मत घेतल्यावाचून विमान कंपनीला असा नकार देता येत नाही.

एस.टी. दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत देते, आणि दिव्यांगत्व तीव्र असेल तर सोबत्याला निम्मी. पण सोनईच्या थांब्यावर जी गाडी येते तिची पायरी मुलाच्या गुडघ्याहून उंच असते, त्यामुळे सवलतीचा दाखला खिशात असूनही बाप अखेर भाड्याची जीप ठरवतो. रेल्वेची सवलत त्या मानाने उपयोगी; सोबत्यावाचून प्रवास अशक्य असेल तर बरोबरच्या एका व्यक्तीलाही तीच मिळते. मात्र रेल्वे गाठायला राहुरी, श्रीरामपूर किंवा नगर गाठले पाहिजे.

जवळपासचे विचाराल, तर आरंभ शिंगणापूरपासूनच करावा. तेथील शिळा उघड्या चौथऱ्यावर, छपरावाचून उभी असल्याने खालून, खुर्चीत बसल्या बसल्याही ती नजरेस पडते. गाभाऱ्यात शिरण्याची चेंगराचेंगर नाही. शनिवार, आणि त्यातही शनि अमावास्या, मात्र कटाक्षाने टाळावी. नगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ चे. तेथील अजस्र यंत्रे मोकळ्या आवारात मांडलेली असल्याने गलबला न सोसणाऱ्या मुलालाही ती आपल्या गतीने पाहता येतात. मे महिन्याच्या दुपारी नव्हे, हे सांगायला हवे, कारण शाळेची सुट्टी आणि आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा एकाच वेळी येतात, आणि फिट्स येणाऱ्या मुलाला ऊन व चुकलेली गोळी दोन्ही महागात पडतात. समुद्राची हौस असेल तर तूर्त लांब जाण्याची मोठी तयारी करावी लागेल. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये खुर्चीसाठी लाकडी वाट झाली, पुढच्याच महिन्यात वादळाने तिची मोडतोड केली, आणि महानगरपालिकेने ती पुन्हा दुरुस्त केली; नेटाने लागून राहणे म्हणतात ते हेच.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सहल ठरली तरी आईची सुट्टी होतेच असे नाही. तिचे काम केवळ परक्या न्हाणीघरात हलते. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने ‘समर्थ’ योजनेत मुलाला काही दिवस सांभाळण्याची सोय कल्पिली आहे. ब्रिटनमध्ये १९७३ पासून ‘फॅमिली फंड’ अशा कुटुंबांना इतर गरजांबरोबर सहलीसाठीही अनुदान देतो. आपल्याकडे धनकोषाची खरी ताकद देवस्थानांकडे आहे, आणि भक्तनिवासे बांधण्याची हौसही त्यांना आहे. प्रत्येक भक्तनिवासात तळमजल्यावर एक खोली, तीन फुटी दार, उंबरा नसलेले न्हाणीघर, भिंतीला धरायला दांडा, सहा फुटी बाक, आणि शेजारी दोन तास मुलाजवळ बसू शकेल अशी एक शिकवलेली बाई, एवढ्याची दरखास्त विश्वस्तांच्या पुढल्या सभेत मांडायला कोणाची हरकत असू नये.